लेबलावरचा अपॉस्ट्रॉफी आणि नॅपकिनची भावंडं: इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

टॉवेलच्या पाकिटावर चिकटवायच्या लेबलाचं प्रूफ माझ्याकडे तपासायला आलं होतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्याचं काम. तिथल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, बाजारात मराठी आणि परगावच्या गिऱ्हाइकाला पत्र मात्र इंग्रजीत. अशी पत्रं, लेबलं मी वाचून देते. या लेबलावर ‘टॉवेल’ आणि शेवटचा ‘एस’ यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी (’) होता. डीटीपी करणाऱ्या मुलाला विचारलं, हा कशासाठी रे?

“मॅडम, एकाहून जास्त टॉवेल आहेत ना, म्हणून.”

अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही, नुसता एस पुरतो. हे चिन्ह गळालेल्या अक्षराची जागा राखतं: ‘डू नॉट’चं ‘डोन्ट’ झालं, तिथे ओ गळाला. मालकी दाखवतानाही मुळात हेच घडलं. जुन्या इंग्रजीत षष्ठीचा प्रत्यय ‘ईएस’ असा होता. त्यातला ई गेला आणि त्याच्या जागी ही खूण राहिली. टॉवेलच्या अनेकवचनात काहीच गळालेलं नाही, मग खूण कशाची? ही चूक आपलीच आहे असं मात्र समजू नका. इंग्लंडमधल्या भाजीवाल्यांच्या पाट्यांवर ती इतकी दिसते, की तिथे तिचं नावच ‘भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी’ पडलंय.

‘इट्स’चा घोळ याच घरातला. तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असं सुटं वाचून बघा. अर्थ लागला तर अपॉस्ट्रॉफी ठेवा, नाहीतर काढा.

आपल्या बहुतेक चुका अडाणीपणातून येत नाहीत, मराठीतून येतात, आणि म्हणून मला त्या आवडतात. ‘आय डिडन्ट वेन्ट’ घ्या. मराठीत ‘मी गेलो नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेलो’मध्येच राहतो, ‘नाही’ नुसतं मागे येऊन बसतं. इंग्रजीत ‘डिड’ आला की भूतकाळ तो उचलतो, मग पुढचं क्रियापद मूळ रूपात: ‘डिडन्ट गो’. वाक्यात भूतकाळ एकदाच द्यायचा.

वसुलीच्या पत्रांत हमखास सापडतं ते ‘सिन्स टू मन्थ्स’. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘दोन महिन्यांपासून’ही म्हणतो, एकच ‘पासून’ दोन्हीकडे चालतं. इंग्रजीने इथे दोन वाटा केल्या आहेत. कॅलेंडरवर ज्या दिवसावर बोट ठेवता येतं त्याला ‘सिन्स’, जो काळ मोजावा लागतो त्याला ‘फॉर’. सिन्स मंडे, फॉर टू मन्थ्स. आणि आधी ‘आय ॲम वेटिंग’ लिहू नका. वाट पाहणं मागे सुरू होऊन अजून चालू आहे, म्हणून ‘आय हॅव बीन वेटिंग’.

स्वल्पविरामाला हलकं समजू नका. अमेरिकेतल्या मेन राज्यात कोणत्या कामांना ओव्हरटाइम नाही याची कायद्यात यादी होती. तिच्या शेवटी ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग’ असाही अर्थ निघत होता आणि पॅकिंग वेगळं, वितरण वेगळं असाही, कारण ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. एका डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, आम्ही वितरण करतो, पॅकिंग नाही. आम्हाला ओव्हरटाइम द्या. 2017 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. तेव्हा ऑर्डरमध्ये ‘रेड, ब्लू अँड व्हाइट टॉवेल्स’ एवढंच लिहून थांबू नका. तीन रंगांचे वेगवेगळे टॉवेल, की एकाच टॉवेलवर तीन रंग, हे स्पष्ट लिहा.

शब्दही जपून निवडा. आपली चादर पांघरायची, जाड, जकार्ड नक्षीची. तिला ‘बेडशीट’ म्हटलं की समोरचा गादीवर अंथरायचं पातळ कापड समजतो. ‘सोलापुरी चादर’ असंच लिहा, भौगोलिक मानांकन याच नावाला आहे, आणि पुढे ‘कॉटन ब्लँकेट’ जोडा. हात पुसायच्या आपल्या नॅपकिनला ‘हँड टॉवेल’ म्हणा. इंग्लंडमध्ये नॅपकिन जेवताना मांडीवर घेतात आणि बाळाच्या लंगोटाला ‘नॅपी’ म्हणतात, तो नॅपकिनचाच तुकडा.

‘अ’ आणि ‘ॲन’मध्ये गोंधळ होतो, कारण शाळेत ए, ई, आय, ओ, यू पाठ करून घेतात. अक्षर बघू नका, उच्चार बघा. त्यासाठी आपल्याजवळ देवनागरी आहे! शब्द देवनागरीत लिहा. पहिलाच स्वर आला तर ‘ॲन’: अवर, एमए, एमआयडीसी. ‘युनिव्हर्सिटी’ य-पासून, ‘वन’ व-पासून, म्हणून तिथे ‘अ’. हा नियम मुलांना एकदा दाखवला की पुन्हा सांगावा लागत नाही.

त्या दिवशी लेबलाच्या खालच्या ओळीत नॅपकिनबरोबर एप्रनही होता, स्वयंपाकघरासाठी दोन्हींचा एकत्र सेट. मुलाने ‘अ एप्रन’ टाइप केलं होतं. मी म्हटलं, सहाशे वर्षांपूर्वी कुणी असंच ‘अ’ लावून लिहिलं असतं तर बरोबर होतं, कारण तेव्हा शब्द होता ‘नॅप्रन’. फ्रेंचमध्ये ‘नॅप’ म्हणजे टेबलावर घालायचं कापड. त्यातूनच नॅप्रन आला आणि नॅपकिनही. ‘अ नॅप्रन’ भरभर म्हणताना लोकांना ‘ॲन एप्रन’ ऐकू येऊ लागलं. शब्दाचा न शेजारच्या ‘अ’ला जाऊन चिकटला तो कायमचा. नॅपकिनचा न जागेवर राहिला. आणि ‘नॅप’ ज्या लॅटिन ‘मॅपा’वरून आला, त्याचाही अर्थ कापडच. नकाशाचा ‘मॅप’ हा शब्दही त्याच्यावरूनच.

“म्हणजे आपला नॅपकिन, एप्रन आणि मॅप एकाच घरातले?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने वरचा अपॉस्ट्रॉफी काढला, खाली ‘ॲन’ केलं, आणि प्रिंट द्यायच्या आधी दोन्ही ओळी मोठ्याने वाचून बघितल्या.