एसएसडी नव्या लॅपटॉपमध्ये टाकल्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'

विंडोज १० चा लोगो यायचा आणि लगेच निळी स्क्रीन. स्टार्टअप रिपेअर, बूटरेक (बूट दुरुस्तीची कमांड), सेफ मोड सगळं करून झालं, डोकं उठलं नुसतं. नव्या मशीनच्या बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय) चालू, त्याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजमध्ये नव्हताच. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट केलं, शिफ्ट एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला, आधी ड्रव्हलोड कमांडने व्हीएमडी ड्रायव्हरची आयएनएफ फाइल लोड केली (सेटअपची ईएक्सई चालत नाही, आणि याशिवाय डिस्क दिसतच नाही), डिस्कपार्टमध्ये लिस्ट व्हॉल्यूम करून विंडोजच्या ड्राइव्हचं अक्षर बघितलं, सी नव्हे तर डी निघालं, मग जुन्या विंडोजमध्ये ड्रायव्हर घालायला डिस्म /इमेज:डी:\ /ॲड-ड्रायव्हर /ड्रायव्हर:ई:\व्हीएमडी /रिकर्स. रीस्टार्ट केलं, डेस्कटॉप आला! डिस्मचं हे ॲड-ड्रायव्हर बंद (म्हणजे तेव्हा चालू नसलेल्या) विंडोजवरच चालतं हां. आणि डिस्क एमबीआर (जुन्या पद्धतीची विभागणी), मशीन फक्त यूईएफआय (नव्या पद्धतीचं बूट) असेल तर नुसता ड्रायव्हर घालून बूट होणार नाही, आधी एमबीआर२जीपीटी (डिस्क नव्या जीपीटी विभागणीत बदलणारी कमांड) करा.