ट्रॅक्टरचा ब्लॉक हीटर वापरताना या चुका टाळा

कडाक्याच्या थंडीत डिझेल इंजिन पहाटे झटकन सुरू व्हावं म्हणून ब्लॉक हीटर लावतात. ट्रॅक्टरला तो बहुधा १००० ते १५०० वॅटचा असतो आणि थेट कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या द्रवात, बुडालेला असतो.

सगळ्यात घातक चूक अर्थिंगची. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तिसरी पिन कापतात, नाहीतर दोन तारांची एक्स्टेंशन वापरतात. ट्रॅक्टर जमिनीवरच उभा आहे, त्याला अर्थिंग आपोआप मिळतं, हा समज साफ चुकीचा आहे. तो रबरी टायरवर उभा असतो! एलिमेंटचं इन्सुलेशन फुटलं की करंट बॉडीत उतरतो, पण तिथून जमिनीत जायला त्याला वाट नसते. ना फ्यूज उडतो, ना एमसीबी पडतो. मग ओल्या जमिनीवर उभं राहून बॉनेटला हात लावणारा माणूसच ती वाट होतो. नांगर जमिनीला टेकलाय, यावरही भरवसा नको. रंग, गंज, कोरडी माती मध्ये असतेच.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्वीच) हवाच, पण अर्थिंगच्या जोडीला. अर्थिंग शाबूत असेल तर गळती सुरू होताच तो पडतो. नसेल तर कुणाच्या तरी अंगातून करंट गेल्यावर.

एक्स्टेंशन बारीक नको. १५०० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर, १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो, तेही तासन्‌तास. तीन तारांची, किमान २.५ चौरस मिलिमीटरची, बाहेर वापरायची केबल घ्या आणि पूर्ण उलगडा. गुंडाळीत उष्णता कोंडून इन्सुलेशन वितळतं. अर्ध्या तासाने स्वीच बंद करून प्लगला हात लावून पाहा. चांगलाच गरम लागला तर पिनांची पकड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. जोड पेंढ्यापासून लांब ठेवा.

कूलंट कमी असताना हीटर कधीच लावू नका. एलिमेंट उघडं पडलं की जळतं. कूलंट बदलल्यावर आधी इंजिन चालवून आतली हवा निघू द्या.

आरसीसीबी सारखा पडतो? तो बायपास करू नका. प्लग काढून ओल आहे का पाहा, मग वायर उंदरांनी कुरतडली आहे का, एक्झॉस्टला चिकटली आहे का ते तपासा. हीटर गरमच होत नसेल तर प्लग काढलेला असताना त्याच्या दोन मुख्य पिनांना (अर्थिंगची सोडून) मल्टीमीटर लावा: १००० वॅटला २३० व्होल्टच्या हीटरमध्ये सुमारे ५३ ओहम, १२० व्होल्टच्या हीटरमध्ये सुमारे १४ ओहम दिसायला हवेत. या दोनपैकी कुठलीही पिन आणि बॉडी यांच्यात मात्र जोड दिसता कामा नये. बारीक गळती मल्टीमीटरला सापडतेच असं नाही; शंका असेल तर इलेक्ट्रिशियनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घ्या.

रात्रभर हीटर चालू ठेवायची गरज नसते, दोन ते चार तास बहुतेक वेळा पुरतात. टायमर लावाल तर तो हीटरचा लोड पेलणारा हवा. आणि निघण्याआधी स्वीच बंद, मग प्लग बाहेर, मगच चावी.