वातोचा ‘मेझेटिन’ पाहताना या चुका टाळा

फ्रेंच चित्रकार झां आंत्वान वातो याने १७१८ ते १७२०च्या सुमारास रंगवलेले ‘मेझेटिन’ हे तैलचित्र न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. बागेतल्या बाकावर एक वादक गिटार छेडत एकटाच बसला आहे. चित्र साधे वाटते आणि म्हणूनच घाईने पाहिले जाते.

हे कोणा एका वादकाचे व्यक्तिचित्र आहे असे धरून चालू नये. मेझेटिन हे इटालियन विनोदी रंगभूमीवरील, प्रेमात नेहमी अपयशी ठरणाऱ्या नोकराचे ठरलेले पात्र आहे. त्याचा पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख पॅरिसच्या प्रेक्षकांच्या ओळखीचा होता. १६९७ मध्ये हद्दपार झालेले इटालियन नट १७१६ मध्ये त्या शहरात परतले होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ चेहऱ्यावर थांबणे. वर वळलेली मान आणि व्याकूळ नजर लगेच लक्ष वेधतात, हे खरे; पण मागे झाडीत त्याच्याकडे पाठ करून उभा असलेला स्त्रीचा दगडी पुतळा पाहिल्याशिवाय त्या नजरेचा अर्थ लागत नाही, कारण हे गाणे ऐकणारे कोणीच नाही, ही गोष्ट वातोने त्या पाठीतून सांगितली आहे. त्यानंतर हात पाहावेत. ते मोठे व हाडकुळे आहेत, बोटे ताणलेली आहेत, आणि माझ्या मते चेहऱ्याइतकीच आर्तता त्यांतही आहे.

पुतळा दिसतच नसेल, तर दोष बहुधा छोट्या, काळपट प्रतिमेचा असतो. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील मोठी प्रतिमा उघडून पडद्याचा उजेड वाढवावा.

बागेचे दृश्य असले, तरी ते उघड्यावर बसून रंगवले असेल असे मानू नये. वातो खडूने रेखाटने करून ठेवी आणि त्यांतून चित्रे रचत असे. याच डोक्याचे तांबड्या व काळ्या खडूतील रेखाटन त्याच संग्रहालयात आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यास मानेचा कल आधीच किती नेमका ठरला होता, ते कळते.

वातो १७२१ मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी वारला, म्हणून ही व्यथा त्याचीच आहे असा निष्कर्षही काढू नये. विफल प्रेम त्या पात्राच्या भूमिकेतच आहे.