गौरी, गोष्ट आणि ग्रुप: चातुर्मासात तिन्ही कसं सांभाळावं

२०२५ साली ३१ ऑगस्टला आमच्याकडे गौरींचं आवाहन होतं आणि दिवाळी अंकाला कथा पाठवायची शेवटची तारीखही नेमकी तीच. रात्री पावणेबाराला, नखांत भाकरीचं पीठ तसंच ठेवून मी फाइल पाठवली. चार दिवसांनी संपादकांचा फोन आला. "ताई, कथा छान आहे. फक्त पहिल्या सहा पानांत तिचं नाव सुमन आहे आणि पुढे कुसुम. हा काही प्रयोग आहे का?"

प्रयोग कसला! सहाव्या आणि सातव्या पानाच्या मधे मोदक झाले होते, पाहुणे येऊन गेले होते आणि सोसायटीच्या ग्रुपवर वर्गणीवरून भांडण झालं होतं. मीही त्यात तीन मेसेज टाकले होते.

१९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्यांचा हंगाम आणि घरातल्या देवाधर्माचा हंगाम असे हातात हात घालूनच येतात. आता त्यात फोनची भर. खालची पद्धत मी चुका करत करत बसवली आहे. तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे फिरवून घ्या.

१. तारखा आणि तिथी एकाच पानावर मांडा

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या, कारण गोंधळाचं मूळ इथेच आहे. संपादकांची मुदत इंग्रजी तारखेने येते आणि सण तिथीने. त्यामुळे दर वर्षी टक्कर वेगळ्या ठिकाणी होते. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ते १४ सप्टेंबरला. २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैलाच लागला, म्हणजे १५ ऑगस्टची मुदत ऐन सोमवार-शुक्रवारांच्या गर्दीत. २०२६ मध्ये तो १३ ऑगस्टला, म्हणजे जुलै जवळजवळ मोकळा. "दर वर्षी मी ऑगस्टमध्ये लिहिते" असं म्हणून चालत नाही ते यामुळे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधी घरचे दिवस लाल पेनाने खुणा करा: मंगळागौर, सत्यनारायण, गणपती, गौरीचे तीन दिवस, श्राद्धाची तिथी, घट. प्रत्येक खुणेचा आदला दिवसही खोडा. पुरणाची डाळ आणि माळ्यावरची भांडी यांतच तो जातो. मग निळ्या पेनाने संपादकांच्या मुदती. निळं लालाच्या तीन दिवस जवळ आलं, तर आत्ताच संपादकांना फोन करून आठवडा मागून घ्या. जूनमध्ये मागितलेला आठवडा ते हसत देतात, २९ ऑगस्टला मागितलेला देत नाहीत.

२. नियम लहान धरा

एका वर्षी मी हौसेने चातुर्मासात संपूर्ण ज्ञानेश्वरी वाचायचा नियम केला. ओव्या नऊ हजारांच्या आसपास. चार महिन्यांत वाटल्या तर रोज पंचाहत्तर. बाराव्या दिवशी मी एका बैठकीत दोनशे ओव्या उरकल्या आणि त्यातली एकही आठवेना. आता हरिपाठाचा एकच अभंग, रोज, दिवा लावल्यावर. बाहेरगावी असले, विटाळ असला, ताप असला तरी तो होतो. (विटाळात चालतं का, हा प्रश्न सासूबाईंनी एकदा विचारला आणि स्वतःच सोडून दिला.)

पूजेत बसल्यावर कथेतलं वाक्य सुचतंच. त्याच्याशी झगडत बसू नका. देव्हाऱ्याच्या खणात, वाती आणि काडेपेटीच्या शेजारी, पेन्सिल आणि जुन्या लग्नपत्रिकेचा कोरा कागद ठेवा. दोन शब्द खरडा आणि पुन्हा घंटी हातात घ्या. त्या जागी फोन मात्र नको, कारण दोन शब्द टिपायला उघडलेला फोन आरती होईपर्यंत बंद होत नाही.

सकाळी स्तोत्र म्हणायचं आणि दुपारी त्याच हाताने पात्राला चोरी करायला लावायची, याने काही जणांना अवघडायला होतं. मलाही व्हायचं. कीर्तनकार रावणाचं सोंग किती रंगवून उभं करतात ते एकदा ऐका, मग हात मोकळा होईल.

३. फोनची कांदेनवमी करा

आषाढी एकादशीच्या आधी नवमीला आपण कांद्याची भजी, थालीपीठं, झुणका असं पोटभर खातो आणि मग चार महिने कांदा बंद. फोनचंही तसंच करा. त्या दिवशी मनसोक्त स्क्रोल करा, वाद घाला, फोटो टाका. एकादशीपासून एक गोष्ट सोडा. एकच, पण ठरवून. मी फेसबुक सोडते. व्हॉट्सअ‍ॅप सोडता येत नाही, कारण भटजींची वेळ, फुलवाल्याचा निरोप आणि जावेची "किती नारळ आणू?" ही चौकशी तिथेच येते. म्हणून घरचा ग्रुप चालू आणि बाकीचे सगळे म्यूट. आठ तास किंवा एक आठवडा नको, थेट 'नेहमीसाठी'. देवाच्या फोटोंच्या सुप्रभातांना दिवसातून एकदा, रात्री जेवणानंतर, सगळ्यांना मिळून एकच नमस्कार.

लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक पथ्य. चालू कथेतला उतारा 'कसा वाटतो?' म्हणून ऑनलाइन टाकू नका. बहुतेक दिवाळी अंकांना पूर्वी कुठेही न आलेलं साहित्य लागतं आणि भिंतीवर टाकलेलं काहींच्या लेखी प्रसिद्ध झालेलंच असतं. शिवाय चाळीस लोकांनी 'वा, सुंदर' म्हटलं की कथा पुढे लिहायची भूक मरते.

४. कच्चा खर्डा आषाढातच तळून काढा

आषाढात घरात तळण चालू असतं, लग्नकार्यं थांबलेली असतात, पाऊस बाहेर पडू देत नाही. कथेसाठी याहून बरा महिना नाही. रोज पाऊण तास, घर उठायच्या आधी. नावं, गावं, वयं एका वेगळ्या पानावर लिहून ते पान टेबलाला चिकटवा. माझी सुमन त्या पानाअभावीच कुसुम झाली.

गणपतीच्या दिवसांत लिहायचा हट्ट धरू नका. मोदकपात्र गॅसवर असताना दहा-बारा मिनिटं मिळतात. त्यात कथा होत नाही, पण कान उघडे ठेवता येतात. गौरींना साडी नेसवताना निऱ्या कुणी घालायच्या यावरून दोन जावांमध्ये जे न बोलता चालतं, ते घरी बसून सुचत नाही. ते तेवढं टिपून ठेवा, पुढच्या वर्षीची कथा त्यात आहे.

५. पितृपक्षात मुद्रितं तपासा

या पंधरवड्यात कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही, खरेदी थांबलेली असते. मुद्रितंही, म्हणजे छापण्याआधी तपासायला येणारी पानं, साधारण याच सुमारास येतात. मोठ्याने वाचून तपासा. ऐकायला घरातलं कुणी असेल तर उत्तम. आमच्याकडे सासरे आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकतात. मी समजते झोपले, तेवढ्यात ते म्हणतात, "ती मघाशी विधवा होती ना?"

कार्तिकी एकादशीला फोनचा नियम सोडा. साचलेले मेसेज वाचत बसू नका, सरळ पुसून टाका. खरंच काम असलेल्या माणसाने केव्हाच फोन केलेला असतो.