ड्युअल एक्झॉस्टला क्रॉसओव्हर पाइप जोडताय? या चुका टाळा

पिकअप ट्रकला दोन सायलेन्सर लावून झाले की पुढचा किडा डोक्यात शिरतो तो क्रॉसओव्हर पाइपचा, म्हणजे दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये जोडणाऱ्या आडव्या पाइपचा. एखादा व्हिडिओ बघायचा, दोन होल पाडायची, मध्ये पाइपचा तुकडा वेल्ड करायचा, की झालं काम. मग तक्रार येते, "आवाजात काहीच फरक कसा नाही?"

आधी खाली वाकून बघा, तुमचा एक्झॉस्ट खरंच ड्युअल आहे का. बऱ्याच ट्रकना कंपनीतूनच इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे पाइप पुढे एकत्र करून एकाच सायलेन्सरमध्ये सोडलेले असतात आणि मागे शोभेला दोन तोंडं काढलेली असतात. तिथे दोन बाजू आधीच जोडलेल्या आहेत. त्यांना पुन्हा काय जोडणार?

खरा ड्युअल असेल तर हा पाइप काय करतो ते समजून घ्या. शेवरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-एटचा, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचा, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-8-4-3-6-5-7-2. विषम नंबरचे सिलिंडर डावीकडे, सम उजवीकडे. म्हणजे 8 आणि 4 लागोपाठ उजव्या पाइपमध्ये धूर सोडतात, 5 आणि 7 लागोपाठ डाव्या. एका पाइपमध्ये क्रँकच्या 90 अंशांत दोन धक्के, तेव्हा दुसरा जवळजवळ रिकामा. आडवा पाइप तो दाब दुसरीकडे वाटून देतो, म्हणून आवाजातली खरखर कमी होते. ताकद वाढलीच तर थोडीशी. जे फक्त 'घोडे वाढवायला' हे करायला निघालेत, त्यांनी पैसे वाचवावेत.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: अर्धवट होल.

एक गृहस्थ ट्रक घेऊन आले होते. काम दुसरीकडे करून घेतलेलं, वेल्डिंग इतकं देखणं की नाव ठेवायला जागा नाही. पण आवाज होता तसाच, वर रेस दिली की डावीकडून खुळखुळ्यासारखा आवाज. सायलेन्सर आतून फुटला असणार म्हणून ते नवा विकत घ्यायला निघाले होते. मी आडवा पाइप कापला. मुख्य पाइप अडीच इंची, आडवा सव्वादोन इंची, आणि उजव्या पाइपमधलं होल जेमतेम एक इंचाचं! मोठा होल सॉ (गोल होल कापायची करवत) हाताशी नसेल, म्हणून होतं त्या ड्रिलने भागवलं आणि वरून पाइप झाकून टाकला. बाहेरून कोणाला कळणार? आडव्या पाइपच्या क्षेत्रफळाच्या एक पंचमांश वाटेतून दाब किती जाणार? डावीकडचं होल बरोबर होतं, पण त्यातून निघालेली चकती पाइपमध्ये पडली होती. ती धुराबरोबर सरकत सायलेन्सरच्या तोंडाशी जाऊन बसली होती. खुळखुळा तोच.

म्हणून माझी सवय सांगतो. आडव्या पाइपचं टोक मुख्य पाइपच्या गोलाईवर घट्ट बसेपर्यंत घासायचं, मग ते तिथे धरून आतल्या कडेने खूण करायची. होल त्या खुणेएवढंच, लहान नाही आणि मोठंही नाही. मधोमध आधी बारीक होल पाडून त्यात स्क्रू अडकवून ठेवायचा, म्हणजे कापलेली चकती हातात येते. साध्या लोखंडाला चुंबक चालतो, 304 स्टेनलेसला चालत नाही. आतली कड अर्धगोल कानशीने साफ करायची आणि दोन्ही चकत्या समोर टेबलावर दिसल्याशिवाय वेल्डिंग मशीन चालू करायचं नाही.

एच की एक्स, म्हणजे दोन पाइपांमध्ये सरळ आडवा तुकडा की दोन्ही पाइप फुलीसारखे जोडलेले, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. एचचा आवाज खर्जातला, एक्सचा गुळगुळीत आणि चढा. आवडेल तो लावा.

जागा निवडताना मात्र घाई महागात पडते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) यांच्यानंतर आणि सायलेन्सरच्या अलीकडे, ही हद्द. सेन्सरच्या आधी जोडलात तर दोन्ही बाजूंचा धूर मिसळतो आणि कुठली बाजू काय सांगतेय ते कळेनासं होतं. जुनी मंडळी पाइपला स्वस्तातला रंग फासून इंजिन चालवायची आणि रंग जिथपर्यंत जळला तिथे पाइप टाकायची. कल्पना छान आहे, पण ट्रकखाली शेवटी जागाच ठरवते. क्रॉस मेंबर, प्रॉपेलर शाफ्ट, फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस, या सगळ्यांतून वाट काढायची. गिअरबॉक्सच्या पॅनला चिकटून पाइप नेऊ नका, ऑइल तापतं.

आणि हा पाइप पक्का वेल्ड करून टाकू नका. उद्या क्लचचं काम निघालं की गिअरबॉक्स उतरवायला हाच आडवा येतो, आणि मेकॅनिक ग्राइंडर काढतो. मी दोन तुकड्यांत करून मध्ये फ्लँज किंवा बँड क्लॅम्प देतो. वेळ जास्त लागतो. 'एवढं कशाला' म्हणणारे क्लच बदलायच्या दिवशी भेटतात.

फिटिंग चाकांवर उभ्या गाडीत तपासा. मागचा अ‍ॅक्सल लोंबकळत असला की प्रॉपेलर शाफ्ट खाली जातो आणि मोकळी दिसणारी जागा फसवी निघते. आधी सगळीकडे फक्त टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा. पाइप पहारीने ओढून जागेवर आणावा लागत असेल तर टाका तोडा आणि पुन्हा बसवा, कारण तो ताण जोडातच राहतो. 304 स्टेनलेसचा मीटरभर पाइप 400 अंशांनी तापला की जवळपास 7 मिलिमीटर वाढतो. आडव्या पाइपने दोन्ही बाजू बांधल्या गेल्यात, त्यामुळे ती वाढ रबरी हँगरने सोसायला हवी. हँगर काढून पट्टी वेल्ड करणाऱ्यांचे जोड तडकतात, आणि दोष वेल्डरला मिळतो.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अर्थ क्लॅम्प त्याच पाइपला लावा, चेसिसच्या दुसऱ्या टोकाला नाही.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप घासल्याशिवाय वेल्ड करू नका, त्या धुराने ताप भरतो.

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणाऱ्याशी मी बोलत नाही.

शेवटी लीक. थंड इंजिनावर मागच्या तोंडातून ब्लोअरने हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. फिटिंग करताना पुढचे फ्लँज हलले असतील तर तेही तपासा. सेन्सरच्या आधी कुठे फट राहिली की बाहेरची हवा आत ओढली जाते, कॉम्प्युटरला मिश्रण पातळ वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. पहिल्यांदा गरम होऊन गार झालं की क्लॅम्पचे नट पुन्हा आवळा. चेक इंजिनचा दिवा लागला तर सेन्सर विकत घ्यायच्या आधी साबणाचं पाणी परत मारा.