रिकर्सिव्ह फंक्शनचं इनलाइनिंग: नुसती खोली वाढवून भागत नाही

स्वतःलाच कॉल करणारं फंक्शन म्हणजे रिकर्सिव्ह, आणि कॉलच्या जागी कंपायलरने फंक्शनचा कोडच उतरवणं म्हणजे इनलाइनिंग. उदाहरण आमच्या रत्नागिरीचं घेऊ. भाट्ये खाडीचा चौकटी पाडलेला नकाशा आहे. भरतीचं पाणी कुठवर शिरेल हे शोधणारं फंक्शन प्रत्येक चौकटीतून शेजारच्या चार चौकटींसाठी स्वतःलाच कॉल करतं. भाषा सी++, कंपायलर जीसीसी.

आधी प्रोफाइलर (कुठल्या फंक्शनात किती वेळ जातो ते दाखवणारं साधन) चालवा. वेळ या फंक्शनात जात नसेल तर पुढचं वाचूच नका.

मग ओ-टू (कोड वेगवान करण्याची कंपायलरची एक पातळी) वर बिल्ड करताना 'एफ-ऑप्ट-इन्फो-इनलाइन' हा पर्याय द्या. कुठला कॉल कुठे इनलाइन झाला ते छापून येतं.

आता मर्यादा. इथे मीही पुष्कळ डोकं आपटलंय. फंक्शन स्वतःतच किती पातळ्या खोल उलगडायचं ते ठरवणाऱ्या 'मॅक्स-इनलाइन-रिकर्सिव्ह-डेप्थ'चं मूळ मूल्य 8 आहे. ते 64 करा, कोड पळेल, असं सांगणारे पायलीला पन्नास मिळतात. त्यांनी कधी हिशेब केलेला नसतो. चार कॉल असलेलं फंक्शन आठ पातळ्या पूर्ण उलगडलं तर शेवटच्या पातळीवरच 65,536 प्रती होतील. तसं होत नाही, कारण दुसरी मर्यादा आधी आडवी येते: 'मॅक्स-इनलाइन-इन्सन्स-रिकर्सिव्ह', म्हणजे उलगडलेलं फंक्शन किती सूचनांपर्यंत वाढू द्यायचं; मूळ मूल्य 450. हा आकडा कंपायलरच्या अंतर्गत अंदाजाचा आहे. फंक्शनचा आकार 30 धरला तर 15 प्रतींत कोटा संपतो. दोन पातळ्या पूर्ण व्हायलाच 21 (1+4+16) लागतात. खोली 64 करा नाहीतर 640, फरक शून्य.

शिवाय दोन्ही मर्यादांच्या नावांपुढे 'ऑटो' लावलेली वेगळी जोडी आहे. फंक्शनवर इनलाइन लिहिलं असेल तर पहिली जोडी लागू, नसेल तर ऑटोवाली. क्लासच्या आतच बॉडी लिहिलेलं फंक्शन न सांगताही इनलाइन धरलं जातं. चुकीची जोडी बदलून 'काहीच होत नाही' म्हणत बसू नका.

माझं मत स्पष्ट आहे: अशा चार फाट्यांच्या फंक्शनात खोली 1 किंवा 2 वर आणून मोजा. दोन्ही मर्यादा ताणल्या की कोड फुगतो आणि इन्स्ट्रक्शन कॅशेबाहेर (प्रोसेसरच्या सूचना ठेवायच्या छोट्या, वेगवान जागेबाहेर) सांडतो. आणि फंक्शनवर 'ऑलवेज इनलाइन' (काहीही करून इनलाइन कर, अशी खूण) चिकटवू नका, रिकर्सिव्ह कॉलवर जीसीसी एरर देतो.

जीसीसीऐवजी मायक्रोसॉफ्टचा कंपायलर वापरत असाल, तर त्यात 'इनलाइन-रिकर्शन' प्रॅग्मा (कोडात लिहायची कंपायलरसाठीची सूचना) मुळात बंदच असतो.

शेवटी ऑब्जडंपने (तयार झालेला मशीन कोड दाखवणारं साधन) पाहा. फंक्शन स्वतःला कॉल करताना अजूनही दिसेल. ते बरोबरच आहे, रिकर्शन संपलेलं नसतं. मात्र स्टॅक फ्रेम (प्रत्येक कॉलला स्टॅकवर लागणारी जागा) मोठी झालेली असू शकते, म्हणून चाचणी सगळ्यात मोठ्या नकाशावर घ्या. तिथे स्टॅक फुटला तर पर्यायांशी खेळणं सोडा आणि स्वतःचा स्टॅक ठेवून साधा लूप लिहा.