न्यूकमचे दोन डबे: मे महिन्याच्या सुट्टीत घरी मांडायचा खेळ

सामान फार लागत नाही. एक उघडी वाटी, झाकणाचा स्टीलचा डबा, दहाचं नाणं, पाचशेची नोट, एक पाकीट. डब्यात नोटच ठेवा. पहिल्या वर्षी मी नाणी ठेवली होती. भाच्यानं डबा हलवला, खुळखुळ ऐकली आणि खेळ तिथेच आटोपला.

वाटीतले दहा रुपये सगळ्यांना दिसतात. डब्यात पाचशे आहेत, नाहीतर काहीच नाही. मुलानं फक्त डबा घ्यायचा, किंवा डबा आणि वाटी दोन्ही. मेख पुढे आहे. आदल्या रात्री तुम्ही त्याच्याबद्दल अंदाज बांधता: ‘फक्त डबा घेईल’ वाटलं तर आत नोट, ‘दोन्ही घेईल’ वाटलं तर डबा रिकामा. हे मुलांना आधीच सांगून टाका.

अंदाज चिठ्ठीवर लिहा, पाकीट चिकटवा, आजीकडे द्या. मुलाला ते आधी अजिबात दाखवू नका. मी एकदा हौसेनं दाखवलं, ‘दोन्ही घेशील.’ पठ्ठ्यानं मला खोटं पाडायला नुसता डबा उचलला. रिकामा निघाला, तरी खूश! वाचून उलटंच करायचं ठरवलेल्या पोरासाठी खरी ठरेल अशी चिठ्ठी लिहिताच येत नाही. काहीही लिहा, चुकणारच.

मूळ कोडं विल्यम न्यूकम या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचं, १९६० मधलं. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी ते १९६९ मध्ये छापलं. त्यात हजार डॉलर आणि दहा लाख डॉलर आहेत. छापा-काटा करून ठरवणाऱ्यांचीही सोय नोझिकनी करून ठेवली आहे: तसं करणार असं वाटलं, की डबा रिकामा.

आता वाद होऊ द्या, मध्ये पडू नका. आमच्याकडे भाची म्हणाली, “मावशी, रात्रीच ठरलंय ना? मग मी दहा सोडले म्हणून नोट थोडीच उगवणार?” बरोबर आहे. धाकटा म्हणाला, “मग दोन्ही घेणारे दहा रुपयांवरच का अडकतात?” तेही बरोबर. दोघांना कागद द्या. अंदाज शंभरात ५१ वेळा बरोबर येत असेल, तर दोन्ही चालींची सरासरी कमाई २५५ रुपयेच येते. त्याच्या जरा वर गेलात, की फक्त डबा घेणं फायद्याचं. म्हणजे तुम्ही ज्योतिषी असायची गरजच नाही.

मी स्वतः दोन्ही उचलेन. काल झाकलेला डबा आज कसा भरेल? हे बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणूनच तुझ्या डब्यात मी नोट ठेवणार नाही.”

एखाद्याच्या वाट्याला शून्य येतं. त्याच्यासाठी एक चॉकलेट बाजूला ठेवा, नाहीतर दुपार रुसव्यात जाते.